ठिपका खाली, गळती वर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी इच्छापोर येथील आमच्या घरापुढच्या फरशीवर तेलाचा एक ठिपका पडलेला दिसला. ठिपका तो केवढा! रुपयाच्या नाण्याएवढा. परंतु तो पाहताच माझ्या काळजात धस्स झाले. ज्या मोटारीखाली तो पडला होता, तिचे इंजिन दीडच महिन्यापूर्वी नव्याने बांधून आणले होते, आणि त्यापायी माझी दोन वर्षांची शिल्लक संपली होती.

ही मोटार म्हणजे वडिलांची १९९१ सालची प्रीमियर पद्मिनी. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी ती चित्रातच पाहिली असेल. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या नमुन्यावरून ही गाडी तयार होत असे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिने अनेक दशके सेवा केली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आमची गाडी मात्र टॅक्सी नव्हती. नोकरीसाठी गोव्याहून हजिऱ्याला आलेल्या एका माणसाने पै पै साठवून घेतलेली ती घरची गाडी होती. वडील गेले आणि ती तीन वर्षे कापडाखाली झाकून पडली. एके दिवशी आई सहज म्हणाली, "एकदां हेच गाडयेन गांवाक वचूंया." याच गाडीने एकदा गावी जाऊ, एवढेच तिचे मागणे होते. आमचे गाव फोंडा तालुक्यात, म्हणजे येथून ८०० किलोमीटरांहून अधिक दूर.

मग इंजिन उघडले. १०८९ सी.सी.चे ते चार सिलिंडरांचे इंजिन. त्याचे बोअर नव्याने कापून मोठ्या मापाचे पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. क्रँकशाफ्ट घासून नवे बेअरिंग बसविले. खर्चात थोडी बचत व्हावी म्हणून लहानसहान भाग स्वच्छ करण्याचे काम मी घरी आणले. वडिलांच्या हाताखाली मी पाने-पक्कड द्यायला शिकले होते. त्यामुळे आपल्याला यातले कळते, असा माझा थोडा अभिमानही होता.

ठिपका दिसण्यापूर्वी आठवडाभर इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरची कड किंचित ओलसर दिसू लागली होती. मी पाना घेतला आणि नट आवळले. दोन दिवसांनी पुन्हा ओल दिसली. पुन्हा आवळले, या खेपेस जरा रागानेच. आता ओल नव्हे, तर ठिपके पडू लागले, आणि तेही पार मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात त्या जागेखाली.

खरे सांगायचे तर, त्या दिवसांत वर्गातही माझा पाना असाच चालू होता. नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला हटकून झोपत असे. मी त्याला उभे केले, मग शुद्धलेखनाची दहा पाने लिहायला दिली, मग वीस. तो पाने लिहून आणी आणि पुन्हा झोपे.

मिस्त्रींना बोलावले. खाली वाकून त्यांनी मान हलविली. "बेन, पाछळनी सील गई लागे छे." मागची सील गेली असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लच काढावा लागेल, आणि पुन्हा तितकाच घसघशीत खर्च होईल. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, भंगारात दे आता. पैसे कोठवर ओतणार?" त्याचे म्हणणे चूक नव्हते. मी त्या रात्री पासबुक उघडून बसले आणि आईला काय सांगावे, याचा विचार करू लागले.

आई सगळे ऐकत होती. दिव्याची वात सारीत ती म्हणाली, "उदक पडटा थंय न्हय गो, वयर पळय." पाणी पडते तेथे नव्हे, वर बघ. आमच्या गावच्या घराला नळ्यांचे छप्पर आहे. तेथे फुटका नळा असतो एकीकडे. पाणी वाशावरून वाहत जाते आणि तिसऱ्याच खोलीत टपकते. टपकते तेथला नळा बदलणाऱ्याला ते छप्पर दर पावसाळ्यात हसते!

रविवारी सकाळी मी इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने त्याची मागची बाजू घासली, पुसून कोरडी केली आणि तिच्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली. खाली वर्तमानपत्र पसरले. पंधरा मिनिटे इंजिन चालवून बंद केले, आणि विजेरी व हातआरसा घेऊन पाहू लागले. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक काळसर ओघळ उमटला होता. बोट न लावता मी त्याचा माग वर वर काढीत गेले. गिअरबॉक्सच्या सांध्यापासून ब्लॉकच्या पाठीवर, तेथून हेडवर, आणि तेथून थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपाशी! मागच्या सीलचा काही दोष नव्हता. तेल वरून उतरत होते आणि सर्वांत खालच्या जागी थेंब होऊन पडत होते.

कव्हर काढले. त्याखालचे कॉर्कचे पॅकिंग चिरडून बाहेर आले होते, आणि पत्र्याची कड नटांजवळ खाली वाकली होती. हे माझ्याच हाताचे काम! कॉर्क हा दाबाने नव्हे, तर समान दाबाने तेल अडवितो. एका जागी अधिक आवळले, की दुसरी जागा उघडी पडते. पत्रा लाकडी ठोकळ्यावर हलकेच ठोकून सरळ केला, काचेवर ठेवून पारखला, नवे पॅकिंग घातले आणि सगळे नट आधी बोटांनी, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळले.

तरीही दुसऱ्या दिवशी किंचित ओल होतीच. मग मूळ प्रश्न सुचला : मी आवळण्यापूर्वी पहिली ओल आली कशाने? पिस्टनच्या नव्या रिंगा जागी घासून बसेपर्यंत थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली निसटतो. तो बाहेर पडावा म्हणून इंजिनातून एअर-क्लीनरकडे एक रबरी नळी जाते. ती इंजिनाची श्वासनळीच. मी ती काढून फुंकली, पण फुंकर पलीकडे जाईना. आत जुन्या तेलाची काजळी घट्ट बसली होती. हीच नळी मी घरी आणून धुतली होती, परंतु बाहेरून! कोंडलेला वायू सर्वांत दुबळ्या कडेतून तेल ढकलीत होता, आणि मी त्या कडेवरच राग काढीत होते. नळी साफ केली, ठिपके थांबले. सारा खर्च एका पॅकिंगचा.

सोमवारी तो मुलगा पुन्हा झोपला. मी पाने दिली नाहीत. सायंकाळी त्याच्या घरी गेले. वडील लूमच्या खात्यात हाताला दुखापत होऊन घरी बसले होते. आई साड्यांवर खडे चिकटविण्याचे काम आणी, आणि मुलगा रात्री एक वाजेपर्यंत तिला हात लावी. त्यानंतर माझी वीस पाने! मी त्याच्यासमोर माझी चूक कबूल केली. त्याचे दारिद्र्य मला दूर करता आले नाही. त्याचा गृहपाठ मात्र मी मधल्या सुटीत ग्रंथालयात करून घेऊ लागले. तो आज दहावीत आहे. अजूनही कधी कधी पेंगतो, आणि तेव्हा मी त्याला पाणी पिऊन ये म्हणते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही पद्मिनीने गावी पोहोचलो. रात्री सवयीने गाडीखाली वर्तमानपत्र पसरले. सकाळी मी उठण्यापूर्वीच आईने ते उचलून उलटसुलट पाहिले, नीट घडी घातली, आणि मग मान वर करून ती घराचे नळे न्याहाळू लागली.