सावलीतील हिरवळ

आमच्या शाळेच्या अंगणात एक जुना फणस आहे. त्याच्या छायेत हिरवळ असावी, ही आमची फार दिवसांची इच्छा. चतुर्थीला दूर्वाही अंगणातच मिळतील, या लोभाने आम्ही दोन पावसाळे हरळीच लावली. आषाढात ती तरारे. दिवाळीनंतर विरळ होऊन माती उघडी पडे. तेव्हा फणसाच्या फांद्याच तोडाव्यात, असे आमच्या मनात आले होते. त्याची आज लाज वाटते.

दोष झाडाचा नव्हता. हरळीला दिवसाचे ६-७ तास तरी ऊन हवे असते. तिसऱ्या वर्षी मृगाच्या पावसात आम्ही रुंद पात्यांचे कार्पेट गवत वीतवीत अंतरावर लावले. ते मूळचे उष्ण प्रदेशातील अमेरिकेचे. सावली आणि आम्ल माती त्यास मानवते. जमिनीलगत पसरत असल्याने कापणी थोडी. उन्हाळ्यात पाणी मात्र द्यावेच लागते.

आता दूर्वा विहिरीकाठी उन्हात आहेत आणि मुले फणसाखाली हिरवळीवर. वर्गात एखादे मूल कोमेजलेले दिसले, की आम्ही हल्ली प्रथम त्याची जागा पाहतो.