पोपसुद्धा बदलू शकणार नाहीत!

फुटबॉलच्या खेळावर एखाद्या धर्मगुरूने लेखणी उचलावी, याचे आमच्या काही वाचकांस नवल वाटेल. परंतु हा खेळ आमच्या मुलखात आणण्याचे श्रेय एका धर्मगुरूकडेच जाते. गोव्यात शिवोली येथे १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो प्रथम मुलांना शिकविला, असे सांगतात. तेव्हा चेंडूचा आणि पाद्रीच्या झग्याचा संबंध अगदीच नवा नाही. शिवाय आज आम्ही जे लिहीत आहो ते खेळाविषयी निम्मे आणि आमच्या स्वतःच्या एका चुकीविषयी निम्मे आहे.

२०२६ सालच्या ५ जानेवारीची संध्याकाळ. जपमाळ आटोपून आम्ही चर्चच्या पडवीत आलो, तो सातआठ तरुण एका मोबाईलभोवती कोंडाळे करून बसलेले. आम्हांस पाहताच एकजण आनंदाने ओरडला, "फादर, काढला एकदाचा!" आम्हांस वाटले, ग्रामपंचायतीत काही उलथापालथ झाली असावी. चौकशी करता कळले की काढले ते इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेड या संघाचे प्रशिक्षक रूबेन अमोरिम यांना. खानापूर तालुक्यातील या आडगावी बसून आमची ही मुले त्या परक्या संघासाठी रात्री जागवितात, त्याचा लाल सदरा नाताळाच्या सणाला घालतात आणि तो हरला की दुसऱ्या दिवशी धड जेवतही नाहीत.

ज्या वाचकांस या प्रकरणाची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमोरिम हे पोर्तुगालचे. लिस्बनच्या स्पोर्टिंग संघाला त्यांनी २०२१ साली, १९ वर्षांच्या खंडानंतर, देशाचे अजिंक्यपद मिळवून दिले आणि २०२४ साली पुन्हा एकदा. त्यांच्या खेळाची मांडणी ठरलेली असे. गोलरक्षक वगळता जे दहा गडी राहतात, त्यांतील तीन पाठीमागे, चार मध्ये आणि तीन पुढे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते मँचेस्टरला आले ते हीच मांडणी घेऊन. परंतु तेथील गडी निराळ्या मांडणीसाठी जमविलेले होते. मधल्या चौघांपैकी दोघे कडेने धावत. मधोमध उरत दोघेच. प्रतिपक्षाने तेथे तिघे आणले की मैदानाचा कणाच मोकळा पडे. त्या हंगामात संघ वीस संघांच्या तक्त्यात पंधरावा आला. २१ मे २०२५ रोजी बिल्बाओ येथे युरोपा लीगचा अंतिम सामना टॉटनहॅमने १-० असा जिंकला. ऑगस्ट महिन्यात तर चौथ्या श्रेणीतील ग्रिम्सबी टाउन या लहानशा संघाने त्यांना स्पर्धेबाहेर घालविले. पेनल्टींचा निकाल १२-११ असा लागला. सामना हातचा जात असता अमोरिम बाकावर बसून फळ्यावरील गड्यांच्या सोंगट्या हलवीत आहेत, हे दृश्य जगाने पाहिले आणि पुष्कळ हसले.

लोक म्हणू लागले, मांडणी बदला. पत्रकार म्हणू लागले, मांडणी बदला. तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये अमोरिम यांनी जे उत्तर दिले, ते आमच्या पोरांनी आम्हांस मुद्दाम ऐकविले. ही मांडणी कोणीही बदलू शकणार नाही, पोपसुद्धा नाही, असा त्या उत्तराचा आशय!

"फादर, आता तुम्हीच बोला," एकाने आम्हांस चिडविले.

आम्ही म्हणालो, "परमगुरुस्वामींचा अधिकार श्रद्धा आणि नीती यांपुरता आहे रे. पाठीमागे तीन गडी ठेवावे की चार, याविषयी ख्रिस्तसभेने अद्याप काही जाहीर केलेले नाही."

मुले हसली, आणि मग वाद रंगला. एकाचे मत असे की, हा निव्वळ अहंकार. आपण व्यवस्थापक म्हणून आलो आहो, केवळ प्रशिक्षक म्हणून नव्हे, असे हा गृहस्थ आदल्याच दिवशी लीड्स येथील १-१ च्या बरोबरीनंतर जाहीरपणे सांगत होता. ज्याला हुद्द्याची एवढी काळजी, त्याला संघाची काय असणार? दुसऱ्याने विरोध केला. अंतिम सामना हरल्यावर, मंडळाला आणि लोकांना मी नको असेन तर भरपाईचा शब्दही न काढता मी दुसऱ्या दिवशी निघून जाईन, असे सांगणारा हाच ना? आपला संघ क्लबच्या इतिहासातील कदाचित सर्वांत वाईट संघ आहे, असे स्वतःच्या तोंडाने कबूल करणारा हाच ना? अहंकारी माणूस असे बोलेल काय? तिसरा म्हणाला, दोष मंडळाचा. त्यांना त्याची रीत ठाऊक होती. ठाऊक असून बोलाविले आणि मग त्या रीतीसाठीच घालविले. चौथ्याने त्या इंग्रज पाठीराख्याची आठवण काढली, ज्याने संघ सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस न कापण्याचे व्रत ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतले होते. अमोरिम आले आणि गेले, त्याचे केस मात्र वाढतच राहिले! शमशोनाचे केस वाढले तेव्हा निदान त्याचे बळ तरी वाढले होते, असे आम्ही म्हणालो.

इतका वेळ गप्प बसलेला एक मुलगा मग बोलला. खेळातले त्याला सर्वांत अधिक कळते. तो म्हणाला, "फादर, तीन गडी की चार, हा प्रश्नच नव्हता. २६ डिसेंबरला न्यूकॅसलशी त्याने मागे चौघे ठेवले, आपण १-० जिंकलो. चारच दिवसांनी, तळाला असलेल्या वुल्व्हजसमोर, पुन्हा जुनी मांडणी. १-१ बरोबरी, आणि घरच्याच मैदानावर लोकांनी हुर्यो उडविली. मांडणी बदलता येते हे त्याला कळले होते. मग का बदलली नाही? त्यानेच सांगितले. सगळे जण बदला बदला म्हणत असताना मी बदलले असते, तर गड्यांना वाटले असते की हा लोकांच्या दबावाने बदलला. आणि तेथेच प्रशिक्षक संपतो."

हे वाक्य ऐकले आणि आम्हांस पुढचा वाद ऐकू येईनासा झाला.

वाचकहो, आता आमची चूक सांगतो. चार वर्षांपूर्वी आम्ही या धर्मग्रामात आलो, तेव्हा मुलांच्या धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे आठाच्या मिस्साबलिदानापूर्वी घ्यावा, असा नियम केला. आमच्या मागील धर्मग्रामात तो उत्तम चालला होता. परंतु तेथे घरे चर्चला लागून होती. येथे एक वाडी ओढ्यापलीकडे पाच किलोमीटरांवर आहे. पहिल्याच पावसाळ्यात पॅरिश कौन्सिलमध्ये पालकांनी विनंती केली की, वर्ग मिस्सानंतर घ्यावा. आम्ही शिस्तीवर प्रवचन दिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारले. त्या वेळी, प्रांजळपणे सांगतो, त्यांचे म्हणणे बरोबर आहे हे आम्हांस कळून चुकले होते. हजेरीपटच ते सांगत होता. तरी आम्ही नाही म्हणालो. कारण आता बदल केला तर फादर नमले असे होईल, आणि उद्या दुसरे काही मागतील, असे आमच्या मनाने घेतले. तिसऱ्या वर्षी कोणी विचारलेच नाही. त्या शांततेला आम्ही आज्ञाधारकपणा समजलो.

गेल्या मे महिन्यात प्रथम ख्रिस्तशरीरस्वीकाराचा संस्कार झाला. हजेरी अपुरी म्हणून त्या वाडीतील एका मुलीस आम्ही पुढील वर्षापर्यंत थांबविले. तिच्या सोबतिणी पांढरे झगे घालून वेदीपुढे रांगेत होत्या. ती आईजवळ अगदी शेवटच्या बाकावर बसली होती, आणि संस्कार संपण्यापूर्वीच आई तिला हात धरून घेऊन गेली. आम्ही वेदीवरून ते पाहिले. त्याही वेळी मनाशी म्हणालो, नियम तो नियम.

त्या संध्याकाळी पडवीतून परत खोलीत आलो तो मनात एकच विचार. अमोरिम यांना हसण्याचा आम्हांस अधिकार कोणता? त्यांच्या हट्टाने एका संघाचे सामने गेले. आमच्या हट्टाने एका लेकराचा दिवस गेला.

आणि मग पोपचे ते नाव पुन्हा आठवले. ज्यांना आपण पहिले पोप मानतो त्या संत पेत्रांची गोष्ट काय आहे? प्रेषितांच्या कृत्यांत ती लिहिलेली आहे. यापो येथे छपरावर प्रार्थना करीत असता त्यांना दृष्टान्त झाला, आणि निषिद्ध अन्न खाण्याची आज्ञा झाली. जन्मभर पाळलेली रीत! त्यांनी साफ नकार दिला. तीन वेळा सांगावे लागले. परंतु त्यानंतर ते उठले आणि परराष्ट्रीय अशा कर्नेल्याच्या घरी गेले. पुढे अंत्युखियात ते पुन्हा कचरले, तेव्हा संत पौलांनी त्यांना तोंडावर सुनावले. ते ऐकून घेतल्याने पेत्रांची खडकाची योग्यता कमी झाली नाही. पोप कोणाची मांडणी बदलू शकतील की नाही, ठाऊक नाही. परंतु पहिल्या पोपने स्वतःची बदलली, हे मात्र निश्चित. आणि अलीकडचे पाहावे, तर ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उद्घाटन करताना संत तेविसावे जॉन यांनी हाच विवेक सांगितला होता. श्रद्धेचा ठेवा ही एक गोष्ट, तो मांडण्याची रीत ही दुसरी. त्या परिषदेमुळेच तर आज आम्ही लॅटिन सोडून मराठीत मिस्साबलिदान अर्पण करतो. ठेवा तोच आहे.

धर्मशिक्षण हा ठेवा होता. सकाळचे सात ही आमची मांडणी होती. दुसरीला आम्ही पहिल्याचा मान देऊन बसलो होतो.

११ जानेवारीच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही सांगितले की, पुढील आठवड्यापासून वर्ग मिस्सानंतर भरेल. कारण सांगताना जीभ अडखळली, पण सांगितले: "हे तुम्ही आम्हांला तीन वर्षांपूर्वी सांगितले होते. तुमचे बरोबर होते." मंडळी क्षणभर नुसती पाहत राहिली. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, कोणी फादर नमले असेही म्हणाले नाही. ज्या भयाने आम्ही तीन वर्षे गोठून राहिलो, ते भय त्या चर्चमध्ये आमच्याशिवाय कोणाच्याही मनात नव्हते.

दुपारी आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. त्या मुलीच्या आईने पाट मांडला, चहा दिला. आम्ही क्षमा मागितली. ती बाई थोडा वेळ पदराशी चाळा करीत राहिली. मग म्हणाली, "फादर, ती दर आइतवारी पाचाला उठून वेणी घालून बसायची. ओढ्याला पाणी असायचं हो." एवढेच. यापेक्षा कठोर शब्द आम्हांस आजवर कोणी ऐकविले नाहीत, आणि त्या बाईच्या मनात कठोरपणा तर मुळीच नव्हता. ती मुलगी आता वर्गाला येते. तिच्या सोबतिणींची ती रांग मात्र आम्हांस तिला परत देता येणार नाही.

इकडे मँचेस्टरात अमोरिम यांच्यानंतर मायकल कॅरिक आले. त्यांनी पाठीमागे चौघे ठेवले आणि १७ जानेवारी रोजी मँचेस्टर सिटीला २-० असे हरविले. आमच्या पोरांनी त्या रात्री एवढा गलका केला की घंटा वाजविणारे म्हातारबाबा आग लागली समजून धावत आले. त्या गड्यांत नवे कोणी नव्हते. उभे राहण्याची जागा तेवढी बदलली होती.

अमोरिम अहंकारी होते की नव्हते, याचा निवाडा आम्ही करणार नाही. माणसाच्या अंतःकरणात डोकावणे पडवीतल्या पोरांना जमत नाही आणि पाद्रीसही नाही. संघाने काढले तेव्हा त्यांचे वय अवघे चाळीस होते. त्यांना दुसरा संघ मिळेल आणि देव करो, ते यशस्वी होवोत. आम्ही मात्र त्यांचे आभारी आहो. आमच्या पॅरिश कौन्सिलला तीन वर्षांत जे साधले नाही, ते त्यांच्या एका वाक्याने साधले.

आता आमच्या कुटुंबवत्सल वाचकांस एकच विचारतो. तुमच्या घरात असा एखादा नियम आहे काय, जो चुकीचा आहे हे तुम्हांस कळले आहे, परंतु सुनेने, मुलाने वा शेजाऱ्याने सांगितला म्हणूनच तुम्ही बदलीत नाही? असल्यास येत्या रविवारची वाट पाहू नका. ओढ्याला पाणी असेल, आणि पलीकडे कोणीतरी वेणी घालून बसले असेल.