ठेचेचा दगड

"जेवताना जर्मन नको. घरात मराठीच बोलायचं."

हे मी माझ्या सहा वर्षांच्या नातवाला सुनावलं. हॅम्बुर्गला, त्याच्याच घरात, तो ताटावर बसलेला असताना. शाळेतली कसलीशी गंमत सांगत होता. मराठी शब्द अडला, म्हणून सांगता सांगता जर्मनवर गेला. माझा आवाज ऐकून तो थांबला. उरलेला वरणभात गुपचूप खाल्ला आणि उठून गेला. ती गंमत काय होती, ते मला अजून कळलेलं नाही. लेक काही बोलली नाही. मी मात्र त्या रात्री समाधानाने झोपले, आपण भाषा राखली म्हणून.

मला जर्मन आवडत नव्हती, एवढंच म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला तिचा तिटकारा होता. ही भाषा मी ऐकली ती युद्धाच्या सिनेमांतून. गणवेशातला माणूस ओरडतोय आणि समोरचे थरथरतायत. पुण्यात तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आमची हुशार मुलं पुढे अकरावीला मराठी सोडून जर्मन घ्यायची, मार्क चांगले पडतात म्हणून, आणि मला दर वर्षी नव्याने राग यायचा. फर्गसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटवरून शेकडो वेळा गेले असेन. आत परकीय भाषांचे वर्ग भरतात हे ठाऊक होतं, पण आत डोकावावंसं कधी वाटलं नाही. या सगळ्याच्या तळाशी भीती होती. हे पोर एक दिवस माझ्याशी बोलायचं थांबेल, त्याच्या मनातलं माझ्यापर्यंत पोचणारच नाही, ही. भीतीला मी अभिमानाचं नाव दिलं होतं.

लेकीचं घर ग्रिंडेल भागात आहे. विद्यापीठाच्या जवळचा, जुन्या उंच इमारतींचा भाग. एके काळी तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. बोर्नप्लात्सच्या सिनेगॉगवर 1938 च्या नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला आणि पुढच्या वर्षी ते पाडलं गेलं. पुढे त्या मोकळ्या चौकात त्याच्या छताचा आराखडा दगडांनी जमिनीवर आखला गेला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी रोज दुपारी त्या बाजूने नातवाला शाळेतून आणायला जायची, इतकंच.

ऑक्टोबर होता. फूटपाथवर ओली पानं पसरली होती. चालता चालता नातू एका दारासमोर उकिडवा बसला आणि बुटाने पानं बाजूला सारू लागला. खाली पितळेचा चौकोन निघाला, जेमतेम तळहाताएवढा. त्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं होती. तो नुकताच वाचायला लागला होता, दिसेल ती पाटी वाचायचा. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत त्याने वाचलं, "हिअर... वोन्टे." मग वर बघून मला मराठीत सांगितलं, "इथे राहत होती."

पुढे एक नाव होतं. नाव मुलीचं. खाली 1933, मग 1941, मिन्स्क, आणि एक शब्द. त्या शब्दावर बोट ठेवून त्याने विचारलं, "आजी, हे काय?"

मला सांगता आलं नाही. लहान मुलाने बोट ठेवून विचारावं आणि मला वाचता येऊ नये, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मला फक्त आकडे वाचता येत होते. 1941 वजा 1933. आठ.

रात्री तो झोपल्यावर लेकीला तो शब्द लिहून दाखवला. एरमोर्डेट. ती म्हणाली, "आई, खून केला, असा अर्थ आहे त्याचा." निधन नाही, बळी गेली नाही, काळाने नेलं नाही. खून केला. ती जिथे राहायची त्याच दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली, तिच्या देशाच्या भाषेत स्पष्ट लिहिलेलं. लेकीने सांगितलं, गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने हे काम 1992 साली सुरू केलं. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वर पितळी पत्रा, प्रत्येक दगड एका माणसाच्या नावाचा. आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. त्यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात. श्टोल्पर्न म्हणजे ठेचकाळणं, श्टाइन म्हणजे दगड. ठेचेचा दगड. 'पुढच्याला ठेच, मागचा शहाणा' म्हणतच मी लहानाची मोठी झाले. इथे मागच्यांना लागावी म्हणून ठेच मुद्दाम रस्त्यात बसवली होती.

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. ज्यांनी मारलं त्यांची भाषा म्हणून मी जर्मनला दाराबाहेर ठेवलं होतं. ती आठ वर्षांची मुलगी कुठल्या भाषेत बोलत असेल? याच. याच भाषेत ती जेवताना शाळेतली गंमत सांगत असेल. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भाषा मी मारेकऱ्यांना देऊन टाकली होती, आणि त्या नादात एका पोराला ताटावर गप्प केलं होतं. इतकी वर्षं मुलांमध्ये काढलेल्या बाईने.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, मला शिकायचंय. तिने 'डॉइचे वेले' या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा भाषेचा अभ्यासक्रम लावून दिला. स्पेनहून आलेल्या निकोची विमानतळावर बॅग हरवते, तिथून गोष्ट सुरू होते आणि आपण त्याच्याबरोबर पत्ता विचारायला, भाजी घ्यायला शिकतो. पैसे पडत नाहीत. त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात, समोर मजकूरही असतो. मी एकच बातमी चार-चार वेळा ऐकायची. पुण्याला परतल्यावर बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या पहिल्या पातळीला, ए-वनला, नाव घातलं. वर्गात बहुतेक विशीतली मुलं होती.

आणि जिथे सगळे अडले, तिथे मराठीने मला हात दिला. चमचा 'तो', काटा 'ती', सुरी 'ते'. निर्जीव वस्तूंनाही तीन लिंगं. मराठी माणसाला यात नवल ते काय? मूल त्यांच्याकडेही 'ते'च. आकडे आले तेव्हा तर मी वर्गात मोठ्याने हसले. सत्तेचाळीसला ते म्हणतात झीबन-उंट-फिअर्त्सिश, म्हणजे सात आणि चाळीस. आपल्यासारखंच, एकक आधी. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात' असं वाचन आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला! मीही त्यात तावातावाने बोलले होते. जर्मनीतही आकडे सरळ क्रमाने वाचा म्हणणारी मंडळी आहेत, 'वीसएक' या अर्थाच्या नावाची त्यांची संस्थाच आहे. तिथल्या एखाद्या गणिताच्या बाईंशी मला यावर तासभर बोलायला आवडेल.

पुढच्या वर्षी पुन्हा हॅम्बुर्गला गेले. रविवारी सकाळी नातवाने मला शेजारी बसवून टीव्हीवर 'उंदराचा कार्यक्रम' दाखवला. नारिंगी उंदीर, 1971 पासून चालू. कुठली वस्तू कशी बनते, हे मुलांना उलगडून दाखवतात. सुरुवातीला आज काय काय आहे ते जर्मनमध्ये सांगतात, आणि मग तेच सगळं एखाद्या परक्या भाषेत. शेवटी सांगतात, ही अमुक भाषा होती. तो सोफ्यावर पुढे सरकून ओळखायचा प्रयत्न करत होता. दर रविवारी घरबसल्या मुलांच्या कानावर कुणाची तरी भाषा घालतात. आणि मी त्याच्याच भाषेला ताटावर बंदी केली होती.

मी विचारलं, "तुला आठवतं, मी जेवताना जर्मन बोलू दिलं नव्हतं?"

त्याने टीव्हीवरून नजर न काढता म्हटलं, "हो."

मी वर्गात शिकलेलं वाक्य जुळवलं. त्यातही मराठीसारखंच आहे, 'मी' नाही, 'मला'. वाईट मला वाटतं. "एस टूट मिअर लाइड."

"लाइड नाही आजी," तो माझ्याकडे वळून म्हणाला, "लाइट. शेवटी ट."

मी पुन्हा म्हटलं. शेवटी ट.