अब्बांची कॅसेट आणि सबवूफरची घुरघुर

अब्बांच्या आवाजाची आमच्याकडे एकच कॅसेट आहे. 1994 साली एका रात्री आमच्या अंगणात त्यांचे काही दोस्त जमले होते. अब्बांनी आपल्या तीन-चार गझला वाचल्या आणि मोठ्या मामूंनी त्या टेपवर भरून घेतल्या. अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. शायर म्हणून त्यांना तेल्हाऱ्याबाहेर कुणी ओळखत नव्हतं, तेल्हाऱ्यातही फार नाही.

अम्मीला आता कमी ऐकू येतं. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवर तिला अब्बा ओळखूच येईनात. म्हणून थकबाकीचे पैसे हातात आले तेव्हा मी होम थिएटर घेतलं. पोरांना सांगितलं सिनेमासाठी; मनात कॅसेट होती. जुना डेक माळ्यावरून काढला, पुसला, लाल-पांढऱ्या पिना मागे खोचल्या आणि मगरिबनंतर अम्मीला खुर्चीत बसवलं.

अब्बांच्या आधी घुरघुर सुरू झाली. सबवूफरमधून, एकसारखी. अम्मी थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "तेरे अब्बा के पीछे चक्की चल रही है क्या?"

मी बी.एड. झालेला माणूस. चूक कुठे आहे ते आधी शोधायचं, मग सुधारायचं, हे मुलांना वीस वर्षं शिकवत आलोय. स्वतःच्या घरी मात्र थेट एस.टी. धरून अकोला गाठलं. दुकानदार म्हणाला, "सर, एवढं भारी मशीन आणि वायर लोकल? घुरघुर येणारच." त्याने काढलेल्या वायरची किंमत 3,200 रुपये. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना, ऑक्सिजनमुक्त तांबं, वर बोटाएवढं जाड आवरण आणि त्यावर बाण. आवाज कुठल्या दिशेने जायचा तेही वायरीवर छापलेलं! मी घेतली. परत येताना बसमध्ये ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

घुरघुर तशीच.

त्या रात्री मी पहिल्यांदा या विषयावर नीट वाचायला बसलो. ज्या पिनेला आपण ए.व्ही. पिन म्हणतो ती आर.सी.ए. पिन; रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने ती 1930च्या दशकात आणली, म्हणून ते नाव. मधल्या तारेतून आवाजाचा विद्युतप्रवाह जातो आणि भोवतीची जाळी बाहेरचा उपद्रव अडवते. जाळी दाट, डाग पक्का आणि पिन घट्ट बसणारी असली की घरातल्या दोन-तीन मीटरसाठी वायरीचं काम झालं. सोनं विजेसाठी तांब्याहून चांगलं नाही. ते गंजत नाही एवढाच त्याचा गुण, तो पावसाळ्यात कामाचाही आहे, पण त्यासाठी 3,200 मोजायला नकोत. बाणाचं तर हसूच आलं. आवाजाचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा पुढे-मागे होतो, त्याला कसली दिशा? काही वायरींत जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला थोडा अर्थ आहे. बाकी छपाई.

एच.डी.एम.आय. किंवा ऑप्टिकल केबलमधून आकडे जातात. ते पोचले तर आवाज पूर्ण येतो, नाही पोचले तर तुटतो किंवा बंद पडतो. महागड्या केबलने तो 'गोड' होत नाही. तोशिबा कंपनीने 1983 साली आणलेल्या ऑप्टिकल जोडणीत तर तांबंच नाही, नुसता प्रकाश, त्यामुळे वायरीतून अशी घुरघुर येण्याची वाटच बंद. पण अब्बांचा डेक त्याच्याही आधीच्या घडणीचा. त्याला लाल-पांढऱ्या पिनाच.

शेवटी माझाच एक जुना विद्यार्थी आला, आता वायरमनचं काम करतो. मी त्याला वायरीबद्दल सांगू लागलो तर म्हणाला, "सर, सगळंच एकदम बदललं त कसं समजन? एकेक काढून पाहू ना." हे वाक्य त्याला मीच कधीतरी ऐकवलं असेल. त्याने डेकची वायर काढली. घुरघुर चालूच. सेट-टॉप बॉक्समध्ये येणारी गल्लीतली टीव्हीची केबल उपसली आणि खोली एकदम गप्प झाली. बाहेरच्या रातकिड्यांचा आवाज आत आला.

झालं होतं असं. सबवूफरची प्लग तीन पिनांची, म्हणजे तो आमच्या घरच्या अर्थिंगला जोडलेला. टीव्हीच्या केबलची जाळी बाहेर कुठेतरी दुसऱ्याच जमिनीला टेकलेली. दोन्हींत थोडा विद्युतदाबाचा फरक, आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी मधली वाट म्हणजे माझी 3,200 रुपयांची वायर. तिच्या जाळीतून 50 हर्ट्झचा घरगुती वीजप्रवाह फिरत होता, आणि त्याच्या दुपटीची, 100 हर्ट्झची गुणगुण सोबत. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण त्याच पट्ट्यात असतो. चक्की अब्बांच्या मागे नव्हती, त्यांच्या आवाजावरच बसली होती.

त्याने अर्थिंगचा खड्डाही पाहिला. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच राहतं. मीठ-कोळसा घालून पाणी ओत म्हणाला. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीला आणखी मीठ कशाला, असा विनोद मी केला. तो हसला नाही. टीव्हीच्या केबलीवर त्याने एक छोटा आयसोलेटर बसवला. आणि एक गोष्ट त्याने मला दोनदा बजावली. काही लोक घुरघुर घालवायला प्लगची तिसरी, जाडी पिनच तोडतात. आवाज थांबतो, पण मशीनमध्ये कधी वीज उतरली तर तिला जायला माणसाचाच हात उरतो. घरात लहान मुलं आहेत, म्हातारी अम्मी आहे.

दुकानदाराने वायर परत घेतली नाही. ती आता डी.व्ही.डी. प्लेयरला लावलीय, बाण टीव्हीच्या दिशेने.

पुन्हा मगरिबनंतर बसलो. या वेळी आधी काहीच ऐकू आलं नाही, मग अंगणात कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज, मग अब्बांचं खोकणं, आणि मग शेर. गझलेतला 'ग़' ते घशातून कसा काढत, मला विसरायला झालं होतं. वर्गात मी तो उच्चार शिकवतो आणि मुलं सरळ 'ग' म्हणतात, मीही आताशा सोडून देतो.

अम्मी गझलेच्या मध्येच हात वर करून म्हणाली, "रुक. वो खांसी वाला टुकडा फिर से लगा."

मी कॅसेट मागे घेतली.