पत्ता न मिळालेला अर्जदार

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला घरून जे फोन येतात, त्यांत अलीकडे एक वाक्य हमखास असते – "नेट चालत नाही." प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाक्य ओळखीचे वाटते. "साहेब, माझे काम होत नाही," असे म्हणत येणारा अर्जदार हेच सांगत असतो. तक्रार खरी असते, पण काम कुठे अडले हे तिच्यातून कळत नाही. ते शोधणे ही ऐकणाऱ्याची जबाबदारी असते. अर्जदाराला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारण्यापेक्षा कागद कोणत्या टेबलापर्यंत पोचला होता ते पाहावे, ही नोकरीतली पहिली शिकवण. संगणकालाही ती तंतोतंत लागू पडते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मी जबलपूरला गोहलपूर भागात आत्याकडे गेलो होतो. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि नंतर १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात. त्यामुळे तिथली मराठी घरे जुनी आहेत. आत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. हयातीचा दाखला नोव्हेंबरअखेर द्यावा लागतो. तो न पोचल्यास पुढचे वेतन थांबते. 'जीवन प्रमाण' ही योजना २०१४ साली सुरू झाल्यापासून बोटाचा ठसा देऊन हा दाखला घरबसल्या पाठवता येतो. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ मध्ये आली. तेव्हा ती नव्हती. ठसा घेणारे यंत्र संगणकाला जोडलेले, आणि संगणक घरच्या वाय-फायला जोडला जाईना. आत्याचे गुडघे दुखतात, बँकेतली रांग तिला सोसत नाही. महिनाअखेरीला तीन दिवस उरले होते.

घरातल्या फोनवर नेट व्यवस्थित चालत होते. म्हणजे बाहेरून येणारी तार आणि राउटर यांच्यावर संशय घेण्याचे कारण नव्हते. संगणकावर वाय-फायची खूण दिसत होती, म्हणजे सांकेतिक शब्दही बरोबर होता. अडचण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होती. मग संगणकाने स्वतःचा पत्ता कोणता धरला आहे ते पाहिले. तो १६९.२५४ ने सुरू होत होता. इथे उलगडा झाला.

घरच्या जाळ्यात शिरणारे प्रत्येक यंत्र आधी राउटरकडे पत्ता मागते. या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. राउटर आपल्या यादीतला एक मोकळा पत्ता ठरावीक मुदतीसाठी देतो, भाडेपट्ट्यासारखा. घरगुती राउटरचे पत्ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. मागूनही उत्तर आले नाही, तर विंडोजवरचा संगणक स्वतःच १६९.२५४ च्या मालिकेतला एखादा पत्ता धारण करतो. ही सोय विंडोज ९८ पासून आहे. त्या पत्त्याने बाहेरच्या जगाशी बोलता येत नाही. तो दर पाच मिनिटांनी पुन्हा मागणी करतो आणि गप्प राहतो. कचेरीच्या बाकावर बसून दर थोड्या वेळाने खिडकीशी जाणारा अर्जदार मला आठवला.

अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला सगळे देतात. अनेक राउटरांत त्यामुळे यादी पुसली जाते आणि जो आधी मागेल त्याला पत्ता मिळतो. काम झाले तरी कारण झाकलेले राहते. म्हणून मी राउटरचे पान उघडून यादी पाहिली. जोडणी करून गेलेल्या माणसाने १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.९ पर्यंत आठच पत्ते वाटपासाठी ठेवले होते. घरचे दोन फोन व दूरदर्शन संच मिळून तीन. उरलेले पाच दिवाळीनंतर राहून गेलेल्या पाहुण्यांच्या फोनांचे. पाहुणे तीन दिवसांपूर्वी परतले होते, पण मुदत सात दिवसांची होती. नववा आलेला संगणक दाराबाहेर राहिला.

वाटपाची मर्यादा शंभरापर्यंत वाढवली, मुदत एक दिवसाची केली आणि संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवला. पाच मिनिटांत जोडणी झाली. आत्याच्या झिजलेल्या बोटाचा ठसा तिसऱ्या प्रयत्नात उमटला आणि दाखला गेला.

यात संगणक निर्दोष होता आणि राउटरही नियमाप्रमाणेच वागत होता. दोष एकच, की यादी भरली आहे हे त्याने सांगितले नाही. जागा नसेल तर डीएचसीपीमध्ये राउटर बहुधा नुसता गप्प बसतो. यंत्राचे हे मौन मी माणसांच्या कचेऱ्यांतही पुष्कळ पाहिले आहे. कोटा संपलेला असतो, यादीत गाव सोडून गेलेल्यांची नावे असतात, आणि दाराशी उभ्या असलेल्या पात्र माणसाला कोणी 'नाही' असेसुद्धा म्हणत नाही. तो आपलेच काही चुकले असे समजून कागद पुन्हा पुन्हा तपासत राहतो.

म्हणूनच मला मध्य प्रदेशाच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याचे महत्त्व वाटते. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. ठरलेल्या मुदतीत सेवा द्या, नाहीतर नाकारण्याचे कारण लेखी कळवा, असे तो अधिकाऱ्याला बजावतो. महाराष्ट्राने असा कायदा २०१५ मध्ये केला. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तर मुदतीतले मौन हाच नकार मानला, म्हणजे अर्जदाराला निदान अपिलाचा रस्ता मोकळा झाला. नकारही एक सेवाच आहे, कारण तो पुढे कुठे जायचे ते सांगतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरून "नेट चालत नाही" असा फोन आला, तर आईवडिलांना 'तुम्ही काय दाबलंत?' असे विचारू नका. पत्त्याचे पहिले आकडे वाचून दाखवायला सांगा. ते १६९ असतील, तर मागणाऱ्याने मागितले आहे. देणाऱ्याकडे चौकशी करा.