घरातली मोड

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरी नाण्यांचा हंगाम सुरू होतो. सोफ्याच्या फटीत दोनाचं, वॉशिंग मशीनच्या जाळीत रुपयाचं, जुन्या पर्सच्या फाटक्या अस्तरात पाचाची तीन. बँकेत रोखपाल म्हणून बत्तीस वर्षं काढल्यामुळे हा सगळा ऐवज माझ्यासमोर येतो. ‘अहो, तुमचा माल आला,’ म्हणत बायको डबा वर्तमानपत्रावर उपडा करते आणि मी मांडी ठोकून बसतो.

नाणं हातात आलं की ते कुठून आलं याचा अंदाज येतो. कडेला कुंकू आणि वर तेलाचा चिकटा असेल तर ते देव्हाऱ्यातलं. मशीनमधलं लख्ख. मंडईतून आलेल्याला मातीचा वास. देवस्थानाची दानपेटी मोजायला आम्ही जायचो, तेव्हा दुपारपर्यंत बोटं काळी पडायची, आणि पाण्यानं धुऊन ती निघायची नाहीत.

ढीग लावताना खरी गंमत मापांची. स्टीलचे जुने आठ आणे आणि 2011 नंतरचा रुपया, दोन्ही साधारण 22 मिलिमीटरचे. नव्वदीतला स्टीलचा रुपया आणि 2011 नंतरचं दोनाचं नाणं, दोन्ही 25 मिलिमीटरचे, वजनालाही सारखे. म्हणजे प्रत्येक नाण्यानं आपल्याहून धाकट्याचे कपडे घातले! अंधारात रिक्षावाल्याला दिलेला रुपया खरंच रुपया होता का, याची खात्री मीसुद्धा देणार नाही. शंभर-शंभरच्या थैल्या करताना म्हणून आकडा बघावाच लागतो.

ढिगात तीन जाती निघतात. पहिली मेलेली नाणी. पावली आणि तिच्याहून लहान सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. चौकोनी पाच पैसे, नक्षीदार कडेचे दहा पैसे, सहा कोनांचे तीन पैसे ही ॲल्युमिनियमची मंडळी आता फक्त आठवणीपुरती. यातच कमळाचं चित्र असलेले पिवळे वीस पैसे सापडले तर ते लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवा. अनेक घरांत ते त्यासाठीच जपलेले असतात.

दुसरी जात जुन्या राजवटीची. भोकाचा पैसा 1943 ते 1947 मधला, युद्धात धातू वाचवायला मधोमध भोक पाडलेला. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली, तोवर रुपयाचे चौसष्ट पैसे होते. अशी नाणी चिंच-मीठ लावून घासू नका. आजोबांचा चांदीचा रुपया मी हौसेनं घासून चकचकीत केला. संग्राहकानं तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि चांदीचा भाव सांगितला. घासण्याआधी तो किती देणार होता, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती फोनवर येतात. ते नाणं 2012 मधलं, पाच आणि दहाचं, आणि त्याची किंमत पाच आणि दहाच. आधी ‘शुल्क’ भरा म्हणणाऱ्याला फोन ठेवायला सांगा. रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला आहे.

तिसरी जात जिवंत नाण्यांची, आणि माझा राग त्यांच्याबाबतच आहे. आपण ती ‘साठवतो’ म्हणतो. खरं तर अडवतो. एसटीत कंडक्टर तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचा, वाणी रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवायचा, आणि आपण सुट्ट्यांची टंचाई म्हणून बोंब मारायचो. तीच मोड आपल्याच फडताळात, बरणीत, गणपतीच्या पाटाखाली पडून होती. खिडकीशी मोड मागायला आलेल्या दुकानदारांना मी ‘नाही’ म्हणायचो आणि संध्याकाळी घरी येऊन खिशातली पाच-सहा नाणी त्याच बरणीत टाकायचो.

बरणी भरली की बँकेत न्या. कायद्यानं देणं फेडताना रुपया आणि त्याच्या वरची नाणी हजार रुपयांपर्यंत, आठ आण्याची दहा रुपयांपर्यंत स्वीकारावी लागतात. ही मर्यादा बाजारातल्या व्यवहाराची, खात्यात भरायला तसं बंधन नाही. शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या करून, महिनाअखेर टाळून, अकराच्या सुमारास जा. आधीच मोजलेलं असेल तर कपाळावरच्या आठ्या कमी पडतात, हे मी आतल्या बाजूनं सांगतो. दहाचं नाणं कुणी नाकारलं तर भांडा. त्याच्या तोवरच्या चौदा नमुन्यांपैकी प्रत्येक नमुना वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये सांगितलं आहे.

त्याहून सोपा रस्ता भाजीवालीचा. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशींकडे आता कोड चिकटवलेला आहे, तरी कोथिंबिरीच्या दहा रुपयांना मी नाणीच देतो. ‘दादा, तुमच्याकडं बरी असते ओ मोड,’ म्हणतात आणि दोन मिरच्या जास्त टाकतात. नातवंडांना मी वर्षाखालची खूण शोधायला लावतो: हिऱ्यासारखी असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. तेवढ्या खेळात ढीग लावूनही होतो.

यंदा आमच्या घरातून सहाशे अठ्ठेचाळीस रुपये निघाले. ते सगळे आठवड्यात खर्च झाले. उरली आहेत ती आठ आण्याची सतरा नाणी. कायद्यानं ती आजही चालतात. ती हसत घेणारा दुकानदार कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा.