नवाचा ताळा

आमच्या टेबलाच्या खणात जुन्या वहीचे एक पान आहे. त्यावर आमच्या बालपणीच्या अक्षरात एक वीस-अंकी संख्या असून तिच्याखाली तीर्थरूपांनी तांबड्या शाईने 'बरोबर' असा एकच शब्द लिहिला आहे. तीर्थरूप पेशाने हिशेबनीस. हा शब्द त्यांच्या लेखणीतून सहसा उतरत नसे. म्हणून पान जपले.

संख्या बुद्धिबळाच्या पटाची. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे चौसष्ट घरे भरावयाची, ही कथा वाचकांस ठाऊक असेलच. इब्न खल्लिकान या ग्रंथकाराने तेराव्या शतकात ती नमूद करून ठेविली आहे. एकूण दाणे होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली. ही संख्या त्यांपलीकडे दोन पावले जाते. दहाव्या वर्षी, मे महिन्याच्या सुटीत, दुपटी करीत करीत आम्ही तिथवर पोहोचलो. तीर्थरूपांनी आमची आकडेमोड तपासली नाही. नवाचा ताळा पाहिला. दोनाच्या घातांस नवाने भागिता बाकी २, ४, ८, ७, ५, १ अशी फिरफिरून येते. चौसष्टाव्या घाताची ७. त्यातून एक वजा जाता ६. आमच्या अंकांची बेरीज ८७, तिची १५, तिची ६. ताळा जमला!

पुढे गणित हाच आमचा चरितार्थ झाला, आणि या संख्येचे अंतरंग कळले. पटाच्या पूर्वार्धातील दाणे ४२९४९६७२९५. उत्तरार्धात त्याच्या ४२९४९६७२९६ पट. म्हणून सबंध पट पूर्वार्धाच्या ४२९४९६७२९७ पट. पूर्वार्धाचे अवयव ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, पाचही मूळ संख्या. तो शेवटचा गुणकही मूळच असावा, असे सतराव्या शतकात फर्माने मानिले. १७३२ साली ऑयलरने त्यास ६४१ ने भागून दाखविले, भागाकार ६७००४१७. थोर पुरुषाची ही चूक आम्ही वर्गात जरा चवीनेच सांगत असू, हे कबूल केले पाहिजे.

गतवर्षी हौसेने ते पानच वर्गात नेले. त्यावरून संख्या फळ्यावर उतरविली आणि अवयवांनी भागावयास सांगितले. तीन आणि पाच सुरळीत गेले. सतरावर एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, भाग जात नाही. पंधरा उरतात." आम्ही म्हणालो, "पुन्हा करा." तिने पुन्हा केले. पंधराच!

रात्री घरी पाहिले, तो पानावर ७०९ च्या जागी ७९०. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते. नवाचा ताळा तिथे आंधळा. दोन संख्यांतील फरक ८,१०,००,०००, नवाने निःशेष भाग जाणारा. आणि जमाखर्चात असा फरक निघाला की अंक उलटे पडले असे समजावे, हे आम्हांस शिकविले कोणी? तीर्थरूपांनीच. मग त्या दुपारी त्यांनी केवळ ताळ्यावर भिस्त ठेविली, की उलटलेले अंक दिसूनही, घामाघूम झालेल्या पोराकडे पाहून, तो शब्द लिहिला? त्यांस जाऊन अकरा वर्षे झाली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा भागाकार बिनचूक असल्याचे आम्ही वर्गात सांगितले आणि फळ्यावरचे अंक दुरुस्त केले. पानावरचे अद्याप केलेले नाहीत.